अदृश्य किरणांचा माग

अग्नीची धग अंगाला लागते, धुराचा वास नाकाला येतो. परंतु किरणोत्सर्गी द्रव्यातून निघणारे गॅमा किरण मनुष्याच्या एकाही इंद्रियाला जाणवत नाहीत. असे द्रव्य वाहनातून हिंडू लागले, तर त्याचा माग काढावा कसा? या प्रश्नाचे गांभीर्य मेक्सिको देशातील एका घटनेने जगाच्या ध्यानात आणून दिले.

१९८३ च्या डिसेंबरात स्यूदाद ह्वारेस या शहरी कर्करोगावरील उपचाराचे एक जुने यंत्र मोडीत विकले गेले. त्यात कोबाल्ट-६० या द्रव्याच्या सुमारे ६,००० बारीक गोळ्या होत्या. त्या भंगारात मिसळल्या, भंगार वितळले आणि त्याच्या सळया झाल्या. कोणालाही संशय आला नाही. १६ जानेवारी १९८४ रोजी अशा सळयांचा एक ट्रक वाट चुकून अमेरिकेतील लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेजवळून गेला. तेथील शोधकयंत्राने इशारा दिला, तेव्हा सारा प्रकार उघडकीस आला. तोवर त्या सळया घरांच्या बांधकामातही गेल्या होत्या; पुढे अनेक घरे पाडावी लागली.

अशा पुष्कळ यंत्रांत सोडियम आयोडाइडचा स्फटिक असतो. गॅमा किरण त्यात शोषला गेला, म्हणजे प्रकाशाचा सूक्ष्म स्फुलिंग चमकतो. त्या प्रकाशाचे विजेच्या स्पंदात रूपांतर होते आणि यंत्र ते स्पंद मोजते. माती, खडक व आकाश यांतून थोडे किरण नित्य येतच असतात. ही संख्या एकाएकी वाढली, की यंत्र सावध करते. स्फुलिंगाच्या तेजावरून किरणाची ऊर्जा कळते व ऊर्जेवरून द्रव्य ओळखता येते. त्यामुळे केळ्यांतील पोटॅशियम कोणते आणि घातक कोबाल्ट कोणते, हा भेद करता येतो.

धावत्या वाहनाच्या बाबतीत मात्र हे काम कठीण असते. मोजणीला काही क्षणच मिळतात. शिवाय अंतर दुप्पट झाले, की किरणांची तीव्रता चौथाई उरते. म्हणून मोटारीवर मोठ्या स्फटिकांची यंत्रे बसवतात आणि नेमकी जागा हाती धरावयाच्या लहान यंत्राने शोधतात.

या पद्धतीची कसोटी २०२३ साली पश्चिम ऑस्ट्रेलियात लागली. सुमारे १,४०० किलोमीटरच्या प्रवासात सीझियम-१३७ ची अवघी ८ मिलिमीटर उंचीची कुपी ट्रकमधून वाटेत पडली होती. १ फेब्रुवारी रोजी ताशी ७० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मोटारीतील यंत्राला तिची चाहूल लागली, आणि हातातील यंत्रांनी ती रस्त्यापासून सुमारे २ मीटरवर सापडली.

तथापि शिशाच्या जाड आवरणापुढे या यंत्रांचेही फारसे चालत नाही. म्हणून अशा द्रव्याच्या कणाकणाचा चोख हिशेब ठेवणे, हाच पहिला पहारा होय. यंत्राचा पहारा त्यानंतरचा.