दीवच्या समुद्रातला शत्रू

इथून चार-पाच मैलांवरचे बोल्सबर्ग आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले असेल. ‘मेमोरियल डे’ची प्रथा १८६४ साली आमच्याकडेच सुरू झाली, असे ते गाव अभिमानाने सांगते. तिथले लष्करी संग्रहालय आम्ही स्टेट कॉलेजला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला दाखवतो. तिथे हटकून विचार येतो, की समोरच्या बाजूने मेलेल्याची आठवण कुणी ठेवायची?

आम्हा मराठी माणसांना गोवामुक्ती म्हटले की आठवतात ते १९५५ चे सत्याग्रही आणि १९६९ पर्यंत पोर्तुगालच्या तुरुंगात खितपत पडलेले मोहन रानडे. ते योग्यच. पण सेकंड लेफ्टनंट ऑलिव्हेरा ई कार्मो हे नाव किती जणांनी ऐकले असेल?

वय जेमतेम पंचवीस. दीवला ‘व्हेगा’ या छोट्या गस्ती नौकेचा तो कप्तान होता. हाताशी मूठभर खलाशी आणि २० मिलिमीटरची एकुलती एक तोफ! समोर सहा इंची तोफांची आपली ‘दिल्ली’ युद्धनौका, वर विमाने. लिस्बनहून सालाझारने बजावले होते, की सैनिक एकतर विजयी दिसतील, नाहीतर मेलेले. १८ डिसेंबर १९६१ च्या सकाळी कार्मोने पांढरा समारंभी गणवेश चढवला असे सांगतात, आणि नौका समुद्रात काढली. ‘व्हेगा’ने विमानांवर गोळीबार केला. उलट हल्ल्यात तो आणि त्याचा तोफची ठार झाले. बाकीचे पोहत किनाऱ्याला लागले. त्याच दिवशी अंजदीव बेटावर आपले सात नौसैनिक कामी आले, हेही विसरता कामा नये.

दुसऱ्या दिवशी गोव्यात गव्हर्नर-जनरल व्हासालो ई सिल्व्हा यांनी हुकूम मोडून शरणागती पत्करली. असंख्य जीव वाचले. मायदेशी त्यांच्या वाट्याला बडतर्फी आली, सन्मान परत मिळाला तो १९७४ च्या क्रांतीनंतर. कार्मोला मात्र मरणोत्तर शौर्यपदक मिळाले. पुढे एका युद्धनौकेला त्याचे नावही दिले गेले.

आमच्या मते गोवा मुक्त झाला हे न्याय्यच झाले, त्यात वादच नाही. कार्मोचे धैर्यही खरे होते. पण ते खर्ची पडले एका हट्टी म्हाताऱ्याच्या हुकमापायी. म्हणून मुलांना ही गोष्ट सांगताना आम्ही दोघांचीही नावे घेतो, हुकूम पाळून मेलेल्याचे आणि हुकूम मोडून माणसे वाचवणाऱ्याचे. दोघांत शूर कोण, ते मुलांनीच ठरवावे.