यात दारू किती?

आधीच सांगते, माझं शालेय शिक्षण बेळगावच्या कॉन्व्हेंटमध्ये झालंय. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पदरात घ्या. आणि दुसरी कबुली अशी, की गेल्या ऑक्टोबरमध्ये लेडीज हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर "बॉम्ब फुटला" ही जी बातमी बॉईज हॉस्टेलच्या मेसपर्यंत पोचली होती, तो बॉम्ब माझा होता.

झालं असं. माझा आतेभाऊ अमेरिकेत असतो. तिथे तो छंद म्हणून घरच्या गॅरेजमध्ये बिअर बनवतो. दिवाळीच्या आधी फोनवर त्याने अर्धा तास फक्त त्याच्या बिअरचंच कौतुक ऐकवलं. मला वाटलं, आपणही काहीतरी करावं. बिअर अर्थातच नाही! म्हणून मी 'जिंजर बिअर' करायची ठरवली. नावात बिअर असली तरी हे आल्याचं सरबतच, अशी माझी समजूत. किसलेलं आलं, लिंबू, दीड लिटर पाणी, दीडशे ग्रॅम कोल्हापुरी गूळ आणि बेकरीतून मागून आणलेलं चिमूटभर यीस्ट. सरबताच्या दोन रिकाम्या काचेच्या बाटल्या गळ्यापर्यंत भरल्या, झाकणं घट्ट फिरवली आणि कपाटावर ठेवून दिल्या.

तिसऱ्या दिवशी रविवार होता. मी आणि रूममेट खाली पोहे खायला गेलो होतो. वर आलो तर अख्खा मजला आमच्या दाराशी जमलेला. एक बाटली फुटली होती. काचेचा बोटाएवढा तुकडा रूममेटच्या उशीत उभा रुतला होता. रविवारी ती नऊपर्यंत झोपते. त्या दिवशी केवळ पोह्यांसाठी उठली होती.

वॉचमनकाकांनी दुसरी बाटली ओल्या पोत्यात गुंडाळून अंगणात नेली आणि हळूहळू झाकण सैल केलं. अर्धी बाटली फेस होऊन उडाली. मेसच्या मावशी कमरेवर हात ठेवून बघत होत्या. म्हणाल्या, "पोरी, आंबवाय ठेवल्यालं कधी असं आवळून ठेवत्यात व्हय?"

रेक्टर मॅडम मात्र बाटलीचा वास घेऊन एकच वाक्य बोलल्या, "यात दारू किती?"

मी म्हटलं, "मॅडम, हे सरबत आहे." त्या म्हणाल्या, "मी आकडा विचारला." आकडा माझ्याकडे नव्हता. घरी पाठवायचं पत्र त्यांनी माझ्यासमोरच लिहिलं आणि सांगितलं, "आकडा घेऊन ये, मग हे पोस्टात टाकायचं की नाही ते ठरवू." हा लेख म्हणजे त्या आकड्याच्या शोधाची गोष्ट.

प्रथम, आंबवणं म्हणजे काय? यीस्ट हा एकपेशीय सजीव. त्याला साखर दिली आणि हवा तोडली, की तो साखरेतून ऊर्जा काढतो आणि दोन गोष्टी बाहेर टाकतो: अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड. हिशोब सोपा आहे. एक ग्रॅम साखरेतून साधारण अर्धा ग्रॅम अल्कोहोल आणि अर्धा ग्रॅम गॅस. पावात गॅस हवा असतो, अल्कोहोल भट्टीत उडून जातं. बिअरमध्ये दोन्ही हवे असतात. यीस्ट मात्र एकच. त्याला आपण पाव करतोय की बिअर, हे माहीत नसतं. सरबत करतोय हे तर अजिबातच नाही!

आता बिअर कशी करतात ते बघू. मला वाटायचं ही काहीतरी परदेशी किमया असेल. पण भावाने सांगितलेली एकेक पायरी मी वहीत लिहून काढली आणि लक्षात आलं, की यातलं जवळजवळ सगळं आपल्या घरात चालतं.

पहिली पायरी मॉल्टिंग. सातू, म्हणजे बार्ली, भिजवून तिला मोड आणतात आणि वाळवतात. माझी आजी लहान बाळांसाठी नाचणीचं सत्त्व करते, ते याहून वेगळं काय आहे? मोड आले की धान्यात अमायलेज नावाचं एन्झाइम तयार होतं, जे स्टार्च तोडून साखर करतं. म्हणून तर सत्त्व बाळाला पचतं. दुसरी पायरी मॅशिंग. भरडलेलं मॉल्ट ६५ ते ६७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवतात. एन्झाइम कामाला लागतं आणि गोड पाणी तयार होतं. तापमान फार चढलं तर एन्झाइम मरतं. सगळी बिअर या दोन-तीन अंशांच्या शिस्तीवर उभी असते.

तिसरी पायरी उकळण्याची. या गोड पाण्यात हॉप्स नावाच्या वेलीची कडवट फुलं घालून ते तासभर उकळतात. कडवटपणा येतो आणि नको ते जंतू मरतात. इथे मला आमच्या आजोळचं, कागल तालुक्यातलं गुऱ्हाळ आठवलं. काहिलीत रस उकळताना गुळव्या रानभेंडीचा चिकट रस टाकतो, मळी वर येते आणि ती काढून टाकली की गूळ स्वच्छ होतो. बिअरवाले हेच काम आयरिश मॉस नावाच्या समुद्री शेवाळाने करतात. साता समुद्रापलीकडे, पण युक्ती एकच!

चौथी पायरी, थंड करून यीस्ट टाकणे. २० अंशांच्या आसपास आठवडा-दोन आठवडे ते ठेवतात. आणि इथेच माझी चूक आहे. या काळात भांडं कधीही बंद नसतं. झाकणाला एअरलॉक असतो, म्हणजे वाकडी नळी आणि तिच्यात थोडं पाणी. गॅस बुडबुड्यांनी बाहेर जातो, बाहेरची हवा आत येत नाही. साखर संपली हे मोजून खात्री झाली, की मगच बाटल्या भरतात, आणि फेस यावा म्हणून लिटरला फक्त सहा-सात ग्रॅम साखर घालून झाकण लावतात. मी लिटरला शंभर ग्रॅम गूळ घालून झाकण लावलं होतं.

मावशींचं वाक्य म्हणजे अख्खा एअरलॉकच. त्या आंबील करतात. जोंधळ्याचं पीठ ताकात कालवून रात्रभर ठेवायचं, वर फडकं बांधायचं, सकाळी शिजवायचं. सौंदत्तीहून भाविक परतले की आपल्या कोल्हापुरात ओढ्यावरच्या यल्लमाची आंबील यात्रा भरते, तिचा हाच नैवेद्य. आंबील आणि बिअर या लांबच्या बहिणी म्हणायला हरकत नाही. दोन्ही धान्याच्या, दोन्ही आंबवलेल्या. फरक कामगारांचा. आंबिलीत ताकातले लॅक्टिक जंतू साखरेचं आम्ल करतात, बिअरमध्ये यीस्ट साखरेचं अल्कोहोल करतं.

आता आकडा. केमिकलच्या लॅबमध्ये सरांनी हायड्रोमीटर दिला. साखर कारखान्यात ब्रिक्स बघतात, तसंच हे साधं तरंगणारं उपकरण. पाण्यात साखर जास्त तर ते वर तरंगतं. साखर संपत गेली की खाली जातं. सुरुवातीचं माप माझ्याकडे नव्हतंच, म्हणून तेच प्रमाण घेऊन गुळाचं ताजं पाणी केलं. घनता आली १.०३५. मग वाचलेल्या बाटलीतलं पेय एका ग्लासातून दुसऱ्यात पन्नास वेळा ओतून गॅस घालवला आणि मोजलं. आली १.०२७. या दोन मापांमधल्या फरकाला १३१ ने गुणलं की अल्कोहोलची टक्केवारी मिळते. उत्तर, १.०५.

म्हणजे एक टक्का. मी खूश झाले! बिअरमध्ये पाच टक्के असतात, माझ्यात एकच. पण सरांनी एक नियम दाखवला. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे ०.५ टक्क्याहून जास्त अल्कोहोल असेल तर ते पेय अल्कोहोलिक धरलं जातं. म्हणजे माझं सरबत त्या रेषेच्या दुप्पट पुढे गेलं होतं. आणि ही गाडी थांबलेलीही नव्हती. शंभर ग्रॅम गुळात साधारण नव्वद ग्रॅम साखर धरली आणि ती सगळी आंबली असती, तर अल्कोहोल पावणेसहा टक्क्यांपर्यंत गेलं असतं. नेहमीच्या बिअरहून कडक. थोडक्यात, मॅडमचं नाक बरोबर होतं आणि मी चूक.

मी मेकॅनिकलची, त्यामुळे दुसरा हिशोब मलाच करावासा वाटला. एक टक्का अल्कोहोल तयार झालं, म्हणजे लिटरमागे साधारण आठ ग्रॅम गॅसही तयार झाला. ३० अंशांना, एका वातावरणाच्या दाबाखाली, एक लिटर पाण्यात जेमतेम सव्वा ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मावतो. आठ ग्रॅम मावायचा तर दाब सहापटीहून जास्त हवा. गाडीच्या टायरमध्ये आपण बाहेरच्यापेक्षा दोन वातावरणांच्या आसपास जादा दाब भरतो. मी सरबताच्या बाटलीत पाच भरला होता. सगळी साखर संपेपर्यंत बाटली टिकली असती, तर हिशोबाने पस्तीसच्या वर गेला असता. थिन सिलिंडरचा फॉर्म्युला मला तोंडपाठ आहे. परीक्षेत त्यावर पूर्ण मार्क आहेत. पण कपाटावर प्रेशर व्हेसल ठेवलंय, हे मला सुचलं नाही.

हॉस्टेलमध्ये आणखी एक चर्चा चालली होती, "असलं घरचं पिऊन माणसं आंधळी होतात." हेही नीट समजून घ्यायला हवं. २००४ मध्ये विक्रोळीत आणि २०१५ मध्ये मालवणीत विषारी दारूने माणसं गेली. मालवणीत शंभराहून जास्त. त्या दारूत मिथेनॉल होतं. गुळाच्या किंवा धान्याच्या आंबवणीत घातक ठरेल इतकं मिथेनॉल तयार होत नाही. तो कारखान्यांत वापरायचा सॉल्व्हंट आहे, आणि स्वस्त नशेसाठी दारूत मिसळला जातो. यीस्ट नव्हे, माणूस ते विष कालवतो. आणि पिणारा कधीच विचारत नाही, की यात काय आहे आणि किती.

आता कायदा. अमेरिकेत घरी बिअर करायला केंद्रीय कायद्याने १९७८ मध्ये परवानगी मिळाली, ब्रिटनमध्ये १९६३ मध्ये परवान्याची अट गेली. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. त्याप्रमाणे परवान्याशिवाय दारू बनवणं गुन्हा आहे, आणि "घरच्यापुरती केली" ही सबब चालत नाही. शिवाय महाराष्ट्रात बिअर पिण्याचं वय २१ आहे. मी वीस! ज्यांना हे शास्त्र मनापासून आवडतं, त्यांच्यासाठी दारं बंद नाहीत. पुण्याजवळ मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये अल्कोहोल तंत्रज्ञान शिकवतात, आणि २००९ पासून पुण्यात डूलालीसारख्या मायक्रोब्रुअरी परवाना घेऊन ताजी बिअर करत आल्या आहेत. छंद असेल तर त्याचा व्यवसाय करा, हॉस्टेलच्या कपाटावर नको.

शेवटी एक मजेशीर गोष्ट. आपल्या पुस्तकांतलं कितीतरी बिअरच्या कारखान्यांतून आलंय. ज्याच्या नावाचं युनिट आपण रोज लिहितो तो जूल मद्यनिर्मात्याच्या घरातला. लिंडेने आपली सुरुवातीची रेफ्रिजरेशन यंत्रं ब्रुअरींसाठी बांधली. पीएच ही कल्पना सोरेन्सनने १९०९ मध्ये कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत मांडली. आणि स्टॅटिस्टिक्समधली टी-टेस्ट? ती डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीतल्या गॉसेटची. मोजकेच नमुने हातात असताना त्यांच्यावर किती विश्वास ठेवायचा, हा त्याचा प्रश्न होता. कंपनी स्वतःच्या नावाने छापू देत नव्हती, म्हणून १९०८ मध्ये त्याने लेखावर नाव घातलं, 'स्टुडंट'. या सगळ्यांच्या कामाचं मूळ एकाच सवयीत आहे. चव घेऊन, वास घेऊन, अंदाजाने न थांबता त्यांनी विचारलं, "किती?"

आकड्यांचा कागद घेऊन मी रेक्टर मॅडमकडे गेले. त्यांनी तो दोनदा वाचला. "म्हणजे होती," एवढंच म्हणाल्या. पत्र त्यांनी फाडलं नाही, टाकलंही नाही. ते टेबलाच्या खणात ठेवलं. अजून तिथेच आहे, असं शिपाईकाका सांगतात.

रूममेटने नवी उशी घेतली, पैसे मी दिले. आणि परवा मावशींकडून मी आंबील शिकले. वर फडकं बांधून ठेवलीय. कोणाला चव बघायची असेल तर या, पण आधी विचारा, यात काय काय आहे आणि किती. आता माझ्याकडे उत्तर असतं.