लहान शेत कशास म्हणावे?

आमच्या पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी प्रबंधिकेसाठी आपल्याच गावचा वा शहराचा एखादा प्रश्न निवडतात, ही गोष्ट आम्हांस समाधानाची वाटते. पाणीपुरवठा, शाळांतील गळती, सीमाभागातील मराठी शाळांची स्थिती, शेतमजुरांचे स्थलांतर असे हे विषय असतात. तथापि ह्या लेखनात एक उणीव वारंवार आढळते. प्रश्नावली आधी तयार होते आणि प्रश्न मागाहून शोधला जातो. शासनाने वा एखाद्या समितीने प्रश्न ज्या शब्दांत मांडला, त्याच शब्दांत विद्यार्थी तो स्वीकारतात. मग पाचपन्नास घरी फिरून आकडे जमवतात. श्रम पुष्कळ होतात, परंतु हाती नवे असे काही लागत नाही.

हे अन्यथा कसे करता येते, ह्याचे एक उत्तम उदाहरण बडोदे संस्थानाशी निगडित आहे. सयाजीराव गायकवाड ह्यांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथून ते लंडनला गेले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली तेथील अभ्यास अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. त्याच वर्षी लहान व विखुरलेल्या धारणक्षेत्रांच्या एकत्रीकरणाविषयी बडोदे सरकारच्या समितीने आपला अहवाल दिला होता. (धारणक्षेत्र म्हणजे एका शेतकऱ्याकडे असलेली एकूण जमीन.) आंबेडकरांनी १९१८ साली एका अर्थशास्त्रीय नियतकालिकात ह्याच विषयावर दीर्घ निबंध लिहिला. त्या वेळी त्यांचे वय सत्तावीस वर्षांचे होते आणि लंडनची पदवी अद्याप पदरी पडावयाची होती.

सर्वमान्य समजूत अशी होती की, वारसाहक्काने जमिनीचे तुकडे पडतात, शेते लहान होतात आणि म्हणून शेतकरी दरिद्री राहतो. आंबेडकरांनी प्रथम दोन गोष्टी वेगळ्या केल्या. जमीन विखुरलेली असणे हा एक प्रश्न होय आणि जमीन थोडी असणे हा दुसरा. चार ठिकाणचे तुकडे एकत्र आणल्याने पहिला सुटेल. दुसरा सुटेलच असे नाही. आज हे अगदी साधे वाटते, परंतु चर्चेत त्यांची सर्रास गल्लत होत असे.

ह्यापुढील पायरी अधिक महत्त्वाची आहे. मुंबई इलाख्याचे शेतकीखात्याचे संचालक कीटिंग ह्यांनी किफायतशीर शेताची एक व्याख्या केली होती. शेतीचा खर्च वजा जाता एका कुटुंबाचा निर्वाह बऱ्यापैकी सुखाने होईल, एवढे शेत ते किफायतशीर. आंबेडकरांचा आक्षेप असा की, ही व्याख्या खाणाऱ्या तोंडांकडे पाहते, पिकविणाऱ्या साधनांकडे पाहत नाही. शेत हा उत्पादनाचा उद्योग आहे. त्यात जमीन, श्रम आणि भांडवल ह्यांचे परस्पर प्रमाण जमावे लागते. आमच्या परीने उदाहरण द्यावयाचे तर, विहीर व बैलजोडी असलेल्या कुटुंबास दोन एकरांचा मळा पुरा पडेल. परंतु ज्याच्यापाशी ना बैल ना बियाणे, त्यास वीस एकर कोरडवाहू जमीन ही एक चिंताच होय. म्हणून नुसत्या एकरांवरून शेत लहान की मोठे, हे ठरत नाही. आंबेडकर तर असे म्हणतात की, हाती असलेल्या औतफाट्याच्या मानाने पाहिले तर ही शेते लहान नसून मोठीच आहेत!

मग खरा रोग कोणता? त्यांच्या मते तो जमिनीवर अवलंबून राहिलेल्या रिकाम्या हातांत आहे. शेतीला ज्यांची आवश्यकता नाही अशी माणसेही शेतीखेरीज दुसरा आधार नसल्यामुळे तिलाच चिकटून राहतात, आणि त्यामुळे जमिनीची मागणी व तिचे तुकडे वाढत जातात. तेव्हा उपाय शेताच्या बांधावर नव्हे, तर उद्योगधंद्यांच्या वाढीत शोधावयास हवा. सर्वच अर्थशास्त्रज्ञ ह्या निष्कर्षाशी सहमत होतील असे नाही, आणि विद्यार्थ्याने तो जसाच्या तसा उचलावा असेही आम्ही म्हणत नाही. आमचे लक्ष पद्धतीकडे आहे.

हा विचार कागदावरच राहिला नाही. १९२७ साली मुंबई कायदेमंडळात लहान जमीनधारकांविषयीचे विधेयक आले, तेव्हा सभासद ह्या नात्याने आंबेडकरांनी त्यास विरोध केला. कायद्याने शेताचा आकार ठरविल्यास अनेकजण भूमिहीन होतील, अशी त्यांची भीती होती. त्याऐवजी मालकी कायम ठेवून सहकारी शेती करावी, असे त्यांनी सुचविले. पुढे १९४७ साली मुंबई प्रांतात तुकडेबंदीचा व एकत्रीकरणाचा कायदा झालाच. हा वाद अद्याप पुरता मिटलेला नाही, हे सातबारा हाती घेऊन फिरणारा कोणीही शेतकरी सांगेल.

ह्या कथेची दुसरी बाजू आमच्या वाचकांनी विशेष लक्षात घ्यावी. ज्या बडोद्याच्या शेतीचा त्यांनी एवढा सूक्ष्म विचार केला, त्याच बडोद्यात १९१७ साली संस्थानच्या नोकरीवर रुजू झाल्यावर त्यांना राहावयास जागा मिळेना. पारशी विश्रामगृहात ते पारशी नाव सांगून राहिले, तेथून काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. एका हिंदू मित्राने नोकरचाकर निघून जातील म्हणून असमर्थता दर्शविली. दुसरा मित्र ख्रिस्ती होता. पत्नी उद्या येईल, तिला विचारून सांगतो, असे तो म्हणाला. पतिपत्नी मूळ ब्राह्मण कुटुंबांतील होती आणि धर्मांतरानंतरही पत्नीचे आचार जुनेच राहिले होते, असे आंबेडकरांनी स्वतःच्या आठवणींत नमूद केले आहे. त्या उत्तराचा अर्थ त्यांना नंतर कळला. काही तास त्यांनी एका सार्वजनिक बागेत काढले आणि रात्रीच्या गाडीने ते मुंबईस परतले.

धारणक्षेत्रांच्या समितीच्या कक्षेत हा प्रश्न येत नव्हता. शेताचे क्षेत्र, आकार व खातेदाराचे नाव ह्यांची नोंद सरकारी दप्तरी होती. कोणास घर नाकारले जाते, ह्याची नव्हती. आजही ग्रामपंचायतीचे ठराव, अंदाजपत्रक व घरपट्टीची नोंदवही विद्यार्थ्याने अवश्य पाहावी. २००५ सालच्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने ही कागदपत्रे मागणे पूर्वीपेक्षा सुकर झाले आहे. परंतु घरपट्टीच्या वहीत मालकाचे नाव सापडेल, परत पाठविलेल्या भाडेकरूचे सापडणार नाही. ते हवे असेल तर उंबरठ्यापर्यंत चालत जावे लागेल; आणि अशा पाहणीची सुरुवात आमच्या मंडळीतील घरांपासूनच करावी, अशी आमची सूचना आहे.