मांगाच्या चौकटीत : भूमिका नसलेला नट

मागच्या भागात जपानी चित्रकथाकार (मांगाकार) ओसामु तेझुकांची ‘नाटक कंपनी’ पाहिली. तेझुका पात्रांना नट मानत आणि वेगवेगळ्या कथांतून त्यांना नवनव्या भूमिका देत. टकला, झुपकेदार मिशांचा हिगेओयाजी एका कथेत खासगी गुप्तहेर असतो, तर ‘तेत्सुवान आतोमु’मध्ये शाळामास्तर. गोजिरवाणा बालनायक रॉक १९६६ साली सुरू झालेल्या ‘व्हॅम्पायर’मध्ये मॅकबेथच्या वळणाचा खलपुरुष होतो. ॲसिटिलीन लॅम्प नावाचा नट पुढे हिटलरच्या काळावरच्या ‘आदोल्फ’ कथेत गेस्टापोचा अधिकारी म्हणून उभा राहतो. तेझुकांनी या मंडळींच्या मानधनाचे आकडेसुद्धा वहीत लिहून ठेवले होते. त्यांचं बालपण ताकाराझुका या गावी गेलं. तिथे १९१४ पासून फक्त स्त्रियांची संगीत नाटक मंडळी आहे आणि आईला तिच्या खेळांची आवड. तेव्हा कंपनी, नट, भूमिका या भाषेत विचार करणं त्यांना घरातूनच मिळालेलं होतं.

या कंपनीत एक नट मात्र असा आहे की त्याला कधी भूमिकाच मिळाली नाही. त्याचं नाव ह्योतान्त्सुगी.

शरीर कमरेत आवळलेल्या तुंब्यासारखं. तोंडाच्या जागी डुकराची नाकपुडी, डोळे मख्ख, आणि अंगभर टाके घातलेली ठिगळं. मधूनच नाकातून फुस्सकन वाफ सोडायची, एवढाच त्याचा उद्योग. नावाचा अर्थही तेवढाच : तुंबा आणि ठिगळ. हे ध्यान मुळात तेझुकांचं नव्हेच. त्यांची धाकटी बहीण मिनाको लहानपणी असलं काहीतरी गिरगटायची. भावाने ते उचललं आणि जन्मभर सोडलं नाही. १९८९ साली ते गेले तेव्हा त्यांच्या नावावर सुमारे दीड लाख पानं होती, असं सांगतात. त्यांतल्या किती पानांच्या कोपऱ्यात ही आकृती बसली आहे ते मोजत बसायला वाचक म्हणून मला आवडेल, पण जन्म पुरायचा नाही.

ते येतं कसं? कधी घाबरलेल्या किंवा चिडलेल्या पात्राचं तोंड एका चौकटीपुरतं ह्योतान्त्सुगीचं होतं आणि पुढच्या चौकटीत पुन्हा माणसाचं. कधी आभाळातून डझनावारी ह्योतान्त्सुगी पावसासारखे कोसळतात. कधी गर्दीत एखादं मख्ख तोंड दिसतं. त्याच्या येण्याने कथानक इंचभरही पुढे सरकत नाही आणि ते काढून टाकलं तरी काही बिघडत नाही. संपादकाच्या नजरेने पाहिलं तर वाया गेलेली शाई.

आपल्या वगातला सोंगाड्या आठवेल, पण त्याला वगात हक्काची जागा असते. तो राजाशी बोलतो, प्रेक्षकांशी बोलतो, गावातल्या गोष्टींवर टोमणे मारतो. ह्योतान्त्सुगीला मतच नाही. लॅम्प आणि रॉक कथेच्या आत राहतात. हा प्राणी कथेत नसून कागदावर राहतो. तो दिसला की वाचकाला जाणवतं, आपण रडत होतो ते कोणीतरी टाकाने काढलेल्या रेघांसाठी. तरीही पुढच्या पानावर आपण पुन्हा रडतोच. मला तेझुकांचं खरं सामर्थ्य तिथे दिसतं. हातचलाखी उघड करून दाखवायची आणि तरी खेळ मोडू द्यायचा नाही, याला स्वतःच्या रेषेवर मोठा भरवसा लागतो.

हा भरवसा काळानेही पारखला. १९५७ साली योशिहिरो तात्सुमींनी आपल्या गंभीर, प्रौढांसाठीच्या चित्रकथांना ‘गेकिगा’ हे वेगळं नाव दिलं. साठच्या दशकात त्या धाटणीने जोर धरला, तेव्हा तेझुकांची गोलमटोल चित्रं बालिश वाटू लागली. त्यांनी रेषा बदलली, विषय काळवंडले. त्या गांभीर्याच्या बाजारात डुकराच्या नाकाचा तुंबा पहिल्यांदा हद्दपार व्हायला हवा होता. झाला नाही.

सगळ्यात चांगला तो जमतो १९७३ पासूनच्या ‘ब्लॅक जॅक’ या शस्त्रवैद्याच्या कथांमध्ये. तेझुका वैद्यकीचं शिक्षण घेतलेले. शस्त्रक्रियेतली आतडी, रक्तवाहिन्या ते असल्या तपशिलाने काढतात की पान उलटताना बोट थबकतं. आणि अशा कथांतच मधूनच तो ठिगळ्या डोकावतो. गंमत अशी की ब्लॅक जॅकचा चेहराही ठिगळाचाच आहे. लहानपणी स्फोटात जखमी झाल्यावर एका मित्राने दिलेली, वेगळ्या रंगाची कातडी त्याच्या गालावर शिवलेली आहे. त्याची सोबतीण पिनोको तर एका गाठीत सापडलेले अवयव जोडून घडवलेली. टाके घातलेल्या देहांच्या या कथेत ह्योतान्त्सुगी उपरा वाटत नाही. तेझुकांनी हा धागा मुद्दाम जोडला असं मी म्हणणार नाही, पण जोडल्याशिवाय राहवत नाही.

प्रत्येक वेळी हा प्रयोग साधतो असं मात्र नाही. १९७२ ते १९८३ या काळात चाललेल्या ‘बुद्ध’मध्ये कपिलवस्तूच्या प्रसंगांत विसाव्या शतकातले विनोद घुसतात. काही जागी ते जड झालेलं वातावरण मोकळं करतात, काही जागी निव्वळ सवयीने आलेले वाटतात. मृत्यूच्या प्रसंगाला लागून आलेला फालतू विनोद मला आजही खटकतो. जपानी वाचक लहानपणापासून या प्राण्याला ओळखतो. आपल्याला तो छपाईची चूक वाटण्याचीच शक्यता जास्त.

‘बुद्ध’चे इंग्रजी खंड भारतात प्रकाशित झाले आहेत. हाताला लागले तर पहिल्या वाचनात सिद्धार्थाची कथा वाचा आणि दुसऱ्या वाचनात फक्त चौकटींचे कोपरे पाहा. पुढच्या आठवड्यात वळू गेकिगाकडे, जिथे अशा पाहुण्यांना दार बंद होतं.