तीन बोटं

तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकमेकांना चिकटवून उभी धरा आणि पुढच्या वरच्या-खालच्या दातांमध्ये घालून पाहा. जबडा ठीक असेल तर तिन्ही बोटं बसतात. गेल्या श्रावणात माझ्या तोंडात एक बोट कसंबसं जात होतं. सोमवारचा उपास होता. साबुदाण्याची खिचडी मी चमच्याच्या टोकानं आत ढकलत होते आणि डावीकडे, अगदी शेवटच्या दाढेमागे, हिरडीत ठणका लागला होता. तो कानापर्यंत जायचा आणि परत यायचा.

वाई तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत मी चौथीला शिकवते. दिवसाचे पाच-सहा तास बोलायचं, कविता म्हणून दाखवायच्या, पाढे वदवून घ्यायचे. त्या आठवड्यात मी ओठ जेमतेम हलवून हजेरी घेतली. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, तुम्ही आज रागावलाय का?"

खरं तर ही तिसरी खेप होती. दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा दुखलं, तेव्हा मिठाच्या पाण्यानं चार दिवसांत थांबलं. दुसऱ्यांदा औषधाच्या दुकानातून गोळ्या आणल्या. त्यानंही थांबलं. दुखायचं थांबलं म्हणजे दुखण्याचं कारणही गेलं, असं मी दोन वर्षं धरून चालले. या लेखामागचं मुख्य कारण तेच आहे, कारण माझ्याभोवती असे किती तरी लोक आहेत जे आजही तसंच धरून चालतात.

अक्कलदाढ साधारण सतरा ते पंचवीस या वयात वर येते. तोवर जबड्यातल्या बाकीच्या जागा भरलेल्या असतात. जागा पुरली तर ती सरळ येते आणि कुणाला कळतही नाही. काहींना ती मुळात नसतेच. जागा अपुरी असली की ती अर्धी वर येऊन थांबते आणि तिच्या माथ्यावर हिरडीचा एक पदर तसाच राहतो. त्या पदराखाली भाकरीचा कण जातो, शेंगदाण्याच्या चटणीचा कूट जातो. ब्रश तिथे पोचत नाही. कण कुजतो, जंतू वाढतात, हिरडी सुजते आणि मग वरची दाढ प्रत्येक घासाला त्या सुजेवरच आपटते. सूज जबडा मिटणाऱ्या स्नायूंपर्यंत गेली की ते आखडतात आणि तोंड उघडेनासं होतं. गोळ्यांनी सूज उतरते, पण पदर तिथेच असतो, दाढ तिथेच असते आणि पुढचा कण यायचाच असतो.

साताऱ्याच्या तोंडाच्या सर्जननी आधी माझी बोटंच मोजली. मग ओपीजी काढायला पाठवलं. हा सगळ्या जबड्याचा एकाच फिल्मवर येणारा एक्स-रे. यंत्र डोक्याभोवती फिरतं, आपण स्थिर उभं राहायचं. फिल्म उजेडावर धरली तेव्हा माझी खालची डावी दाढ शेजारच्या दाढेवर डोकं टेकून झोपल्यासारखी दिसली. दाढा कशा कललेल्या असतात त्यावरून त्यांचे प्रकार पाडायची पद्धत जॉर्ज विंटर या अमेरिकी दंतवैद्यानं १९२६ साली मांडली. सरळ, पुढे कललेली, मागे कललेली, पूर्ण आडवी हे प्रकार आजही तसेच सांगतात. माझी पुढे कललेली होती. तिच्या टेकण्यानं शेजारची चांगली दाढ मागच्या बाजूनं किडायला लागली होती, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

डॉक्टरांनी फिल्मवर पेन्सिलीनं एक फिकट पट्टी दाखवली. खालच्या जबड्याच्या हाडातून एक नस जाते. खालचा ओठ आणि हनुवटी यांना स्पर्श कळतो तो तिच्यामुळे. कुणाकुणाच्या दाढेची मुळं या नसेला खेटून असतात. जिभेची नसही आतल्या बाजूनं तिथून जवळच जाते. दाढ काढताना यांना धक्का लागला तर ओठाला किंवा जिभेला बधिरपणा राहू शकतो. बहुतेकांचा तो काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जातो, क्वचित कुणाचा कायम राहतो. "तुमच्या मुळांत आणि नसेत अंतर आहे, पण सही करण्याआधी तुम्हाला हे माहीत असायला हवं," ते म्हणाले. बोलण्यावर पोट असलेल्या बाईला हे ऐकून घाम फुटला. तरीही त्यांनी सांगितलं याचं मला बरं वाटलं. जो डॉक्टर हे सांगत नाही, त्याला आपण विचारलं पाहिजे.

त्याच दिवशी दाढ काढून टाका, असा माझा आग्रह होता. त्यांनी ऐकलं नाही. सुजलेल्या, पू धरलेल्या जागी आम्लता वाढलेली असते आणि भुलीचं औषध तिथे नीट लागू होत नाही. म्हणून आधी गोळ्या, सूज उतरवणं, तोंड उघडणं आणि मग शस्त्रक्रिया. एक मात्र त्यांनी बजावलं. सूज जबड्याखाली गळ्याकडे उतरायला लागली, गिळता येईना, ताप भरला किंवा श्वासाला जड वाटलं, तर रात्र असली तरी थेट हॉस्पिटल गाठायचं. दाढेचा संसर्ग जिभेखालच्या भागात पसरून श्वासमार्ग दाबू शकतो. विल्हेम फॉन लुडविग या जर्मन डॉक्टरनं १८३६ साली या आजाराचं वर्णन केलं, म्हणून आजाराला त्याचंच नाव मिळालं. दाढेच्या दुखण्यानं कुणी मरतं का, असं आपण सहज म्हणतो. म्हणू नये.

मग गणपती आले, सहामाही परीक्षा आली. शेवटी मी दिवाळीची सुट्टी धरली. वसुबारसेला दाढ काढायची ठरली.

आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, ते पसंत नव्हतं. सणाचं कारण होतंच, पण खरी भीती वेगळी होती. "दाढ उपटली की नजर जाती बाई. आमच्या चुलतीची गेली." ही समजूत आपल्याकडे घरोघर आहे. डोळ्यानं पाहायची नस मेंदूतून सरळ डोळ्याकडे येते, खालच्या जबड्याशी तिचा काही संबंध नाही. मी आत्यांना ओपीजीच्या फिल्मवर बोट ठेवून दाखवलं. चुलतींची दाढ उतारवयात काढली असणार आणि मोतीबिंदू त्याच वयात येतो, हेही सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण वसुबारसेला सकाळी गाईला नैवेद्य दाखवून माझ्याबरोबर साताऱ्याला आल्या.

भुलीची सुई टोचताना दुखलं, ते दहा-पंधरा सेकंद. खालच्या जबड्याची नस बधिर करायची ही युक्ती विल्यम हॉलस्टेड या अमेरिकी सर्जननं १८८४ च्या सुमारास कोकेन वापरून केली होती. आज वापरतात ते लिग्नोकेन निल्स लॉफग्रेन यांनी १९४३ साली स्वीडनमध्ये तयार केलं. पाच-सात मिनिटांत अर्धा ओठ आणि अर्धी जीभ दुसऱ्या कुणाची असावी तशी झाली. मग हिरडीला छेद, थोडं हाड कोरणं, पाण्याची धार. आवाज हाडातून थेट कानात येतो, त्याची तयारी मनात ठेवावी. दाब कळतो, दुखणं कळत नाही. कललेली दाढ सहसा अख्खी निघत नाही. ती शेजारच्या दाढेखाली अडकलेली असते, म्हणून तिचे तुकडे करतात. माझा आधी माथा निघाला, मग मुळं. तीन टाके पडले. खुर्चीत बसल्यापासून उठेपर्यंत पाऊण तास.

यापुढचं सगळं एका गोष्टीवर उभं असतं, आणि ती गोष्ट आपल्या सवयीच्या अगदी उलट आहे.

दाढ निघाली की हाडात एक खोबण उरते. ती रक्तानं भरते आणि त्या रक्ताची गुठळी होते. ही गुठळी म्हणजे घाण नव्हे. तीच उघड्या हाडावरचं पांघरूण असते आणि तिच्यातूनच पुढे नवी पेशीजाळी आणि नवं हाड धरतं. आपण तर लहानपणापासून शिकलेलो असतो की खाल्लं की खळखळून चूळ भरायची, तोंडात रक्ताची चव आली की थुंकायचं. मी स्वतः मुलांना डबा खाल्ल्यावर चुळा भरायला लावते. आणि इथे पहिले चोवीस तास चूळ नाही, थुंकणं नाही, स्ट्रॉनं काही ओढून पिणं नाही, कारण या प्रत्येकानं गुठळी सुटू शकते. कापडी बोळा अर्धा-पाऊण तास दाबून धरायचा. लाळेत मिसळलेलं थोडं रक्त भरपूर वाटतं, ते गिळून टाकायचं. बोळा पुनःपुन्हा भिजून रक्त थांबेचना, तर मात्र डॉक्टरांना फोन.

हे किती महत्त्वाचं असतं ते आमच्या घरात आधीच कळून चुकलं होतं. भाऊजींची दाढ आदल्या वर्षी काढली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी तंबाखूचा बार भरला आणि दिवसभर थुंकत राहिले. पहिले तीन दिवस छान गेले आणि चौथ्या रात्री ते भिंतीला डोकं लावून बसले. गुठळी निघून हाड उघडं पडलं होतं. याला ड्राय सॉकेट म्हणतात. १८९६ साली पहिल्यांदा त्याची नोंद झाली. खालच्या अक्कलदाढेत ते जास्त होतं, सिगारेट ओढणाऱ्यांत जास्त होतं, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांतही जास्त आढळतं. दुखणं कमी होत जाण्याऐवजी तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकदम वाढलं आणि तोंडाला वास यायला लागला, तर हेच समजावं. डॉक्टरांनी खोबण धुऊन तिच्यात लवंगेच्या तेलाच्या औषधाची पट्टी ठेवली आणि भाऊजी त्याच खुर्चीत झोपी गेले. घरच्या बाटलीतलं लवंगेचं तेल मात्र जखमेवर ओतू नये, त्यानं हिरडी भाजते.

माझी दिवाळी अशी गेली. वसुबारसेला भूल उतरण्याआधीच मी आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल घेतलं. दोन्ही मिळून चांगलं काम करतात. पित्ताचा, मूत्रपिंडाचा, दम्याचा त्रास असेल तर आधी विचारावं. रक्त पातळ करायच्या गोळ्या किंवा हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून दिलेली औषधं चालू असतील, तर ते दाढ काढायच्या आधीच सांगावं. त्या दिवशी गालाला बाहेरून बर्फ, दहा मिनिटं ठेवायचा, दहा मिनिटं काढायचा. रात्री उशी उंच. खायला गार दूध-भात. ह्यांनी कौतुकानं शहाळं आणलं आणि नळी घालूनच हातात दिलं. आत्यांनी ते काढून घेतलं आणि पेल्यात ओतून दिलं.

धनत्रयोदशीला गाल फुगला. नरकचतुर्दशीला पहाटे तेल लावायला बसले तेव्हा आत्या माझ्याकडे बघतच राहिल्या. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यांत जास्त असते आणि मग उतरते. हे आधी माहीत नसलं की माणूस घाबरतो आणि दुकानातून आणखी गोळ्या आणतो. गालावर पिवळसर-जांभळा डाग पडला, तोही आपोआप विरला. आता कोमट मिठाच्या पाण्याला परवानगी होती, पण खळखळ करायची नाही. पाणी तोंडात घ्यायचं, मान कलती करायची आणि तोंड उघडून ते बेसिनमध्ये पडू द्यायचं. हे मला साधायला दोन दिवस लागले.

लक्ष्मीपूजनाला मऊ मुगाची खिचडी आणि तूप. फराळाची ताटं समोरून जात होती. चकलीचा तुकडा टाक्यात घुसतो, चिवड्यातला दाणा खोबणीत जाऊन बसतो, म्हणून ते दोन्ही वर्ज्य. बेसनाचा लाडू दुधात कालवून खाल्ला. पाडव्याला एक बोट सहज गेलं, दुसरं अर्धं. भाऊबीजेला भावाला ओवाळताना मी पाच दिवसांत पहिल्यांदा पुरतं हसले आणि टाका ओढला गेला. त्याच्या दुसऱ्या दिवशी टाके निघाले.

हिरडी तीन-चार आठवड्यांत मिटते. आत हाड भरायला मात्र चार-सहा महिने जातात. शाळा उघडली तेव्हा दोन बोटं जात होती. मी वर्गात "आऽ" करून दाखवायला सांगितलं आणि सगळी चौथी तीन-तीन बोटं तोंडात घालून बसली. यांच्या जबड्यात, हाडाच्या आत, अक्कलदाढेचा माथा आत्ता तयार होत असणार, कारण ती सात ते दहा वर्षांच्या वयात आकार धरायला लागते. वर यायला अजून दहा वर्षं आहेत. यांच्यातली दोन मुलं सुपारी चघळतात, ते मला माहीत आहे. सुपारी-गुटख्यानं गालाची आतली कातडी ताठ होत जाते आणि तोंड कायमचं कमी उघडतं. माझं एक बोटावर आलेलं तोंड हळूहळू मोकळं झालं, त्यांचं तसं होणार नाही. त्या दोघांच्या घरी मी जाऊन आले.

माझी उजवीकडची दाढही कललेली आहे. ती दुखत नाही, शेजारच्या दाढेला धक्का देत नाही, तिच्याभोवती पू नाही. चार लोकांनी सांगितलं, एका खर्चात तीही काढून घ्यायचीस. डॉक्टर नको म्हणाले. ब्रिटनमध्ये २००० सालापासूनच सरकारी मार्गदर्शन असं आहे की काही आजार नसलेली अडकलेली अक्कलदाढ केवळ आहे म्हणून काढू नये. मला हा विचार पटतो. शस्त्रक्रियेचा धोका घ्यायचा तो कारण असेल तेव्हा. पण कारण आहे की नाही, ते मी अंगावर काढून ठरवायचं नाही, फिल्म बघून ठरवायचं.

मार्गशीर्षात, एका शनिवारी, ज्वारीची भाकरी डाव्या बाजूनं चावून खाल्ली. आत्या समोर बसून बघत होत्या. मग त्यांनी स्वतःची तीन बोटं तोंडात घालून पाहिली. दोनच गेली. मिश्री लावायची त्यांची पन्नास वर्षांची सवय आहे. भिंतीवर नवं कालनिर्णय लावलं होतं, त्यात पुढच्या दिवाळीच्या पानावर माझ्या उजव्या दाढेच्या एक्स-रेची खूण आहे. आत्यांची खूण मी जानेवारीच्या पहिल्या सोमवारी केली.