आवाज आपला, मजकूरही आपलाच

बचत गटाच्या कामासाठी दारव्हा, पुसद, वणीकडे माझं नेहमी जाणं होतं. तिथे एखादी तरी विचारतेच, "काकू, माझा आवाज चांगला आहे म्हणतात सगळे. जाहिरातीत, रेडिओवर काम मिळंल का?"

मिळू शकतं. पण त्याआधी आवाजाचा नमुना, म्हणजे डेमो, द्यावा लागतो. अन् खरी मेख आहे ती त्यात काय वाचायचं ते निवडण्यात.

बहुतेकजणी टीव्हीवरची गाजलेली जाहिरात पाठ करून म्हणतात. ऐकणाऱ्याच्या कानात मूळ आवाज बसलेला असतो. मग तुलना होते आणि आपण फिके पडतो. त्यापेक्षा गावातल्या साडीच्या दुकानाची, गटाच्या पापड-शेवयांची जाहिरात स्वतःच लिहा.

चार तुकडे पुरेत. एक जाहिरात, एक माहितीचा मजकूर, एक गोष्ट, एक दोघींचा संवाद. प्रत्येक वीसेक सेकंदांचा, म्हणजे साधारण चाळीस शब्द. सर्वात जमलेला तुकडा आधी ठेवा.

माहितीसाठी कपाशीची फवारणी घ्या. २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने आपल्या जिल्ह्यात कितीतरी शेतकरी-शेतमजूर दगावले. 'तोंडाला फडकं बांधा, वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नका, रिकामे डबे घरात वापरू नका.' हे एकदा ऐकून समजलंच पाहिजे, नाहीतर जिवावर बेततं. असा मजकूर वाचताना आवाजात आपोआप जबाबदारी येते.

आता उच्चारांचं. आपल्याकडे डोळ्यांचे 'डोये' आणि केळीची 'केयी' होते. त्यात लाजायचं काय? पण आकाशवाणी नैमित्तिक उद्घोषकांची स्वरचाचणी घेते, तेव्हा उच्चार बारकाईने पाहते. म्हणून एक तुकडा 'ळ' आणि 'ण' भरपूर असलेला, प्रमाण मराठीतला घ्या. संवाद मात्र अस्सल वऱ्हाडीत होऊ द्या. शहरातल्या मुलीला शिकूनही जमणार नाही असं हे आपलं भांडवल आहे.

आणि हो, डेमोसाठी हजारो रुपये मागणाऱ्यांच्या नादी लागू नका. गाद्या-रजया ठेवलेली खोली, बंद पंखा, दुपारची शांत वेळ आणि हातातला मोबाईल, सुरुवातीला एवढं पुरतं.

रेकॉर्ड करण्याआधी मजकूर सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवा. "काय म्हणालीस गं?" असं त्यांनी विचारलं, तर तो बदला.