तिमोरास्सो: तोर्तोनाच्या टेकड्यांवर पुन्हा रुजलेली व्हाइट वाइन

तिमोरास्सो ही पांढऱ्या द्राक्षाची इटलीतली जुनी जात आहे. तिच्यापासून होणारी वाइनही त्याच नावाने ओळखली जाते. वायव्य इटलीतल्या पिएमोंते प्रदेशाच्या आग्नेय टोकाला, अलेस्सांद्रिया जिल्ह्यातल्या तोर्तोना शहराभोवतीच्या टेकड्या हे तिचे घर. पिएमोंतेची कीर्ती बारोलो आणि बार्बारेस्को या रेड वाइनमुळे झाली. त्या कीर्तीच्या सावलीत तिमोरास्सो इतकी मागे पडली, की 1980च्या दशकात तिच्या मोजक्याच वेली उरल्या होत्या. आज मात्र इटलीतल्या सर्वांत दीर्घकाळ मुरणाऱ्या व्हाइट वाइनमध्ये तिची गणना होते.

तोर्तोना हे रोमनकालीन शहर. जेनोव्हाहून पूर्वेकडे अक्विलेइयाला जाणारा पोस्तुमिया हा रोमन राजमार्ग इथूनच जात असे. शहराच्या मागे कुरोने, ग्रुए, ओस्सोना अशा लहान नद्यांची खोरी आणि त्यांच्यामध्ये टेकड्या आहेत. या भागातले थर भूशास्त्रात इतके महत्त्वाचे मानले जातात, की सुमारे 1 कोटी 16 लाख ते 72 लाख वर्षांपूर्वीच्या कालखंडाला तोर्तोनावरून ‘तोर्तोनियन’ हे नाव मिळाले. टेकड्यांवरची जमीन चुनखडीमिश्रित चिकणमातीची आहे. दक्षिणेला डोंगररांगेपलीकडे लिगुरियाचा समुद्र असून तिकडून येणारे वारे खोऱ्यांत शिरतात. दिवसाचे ऊन आणि रात्रीचा गारवा यांमुळे द्राक्षात साखर भरते, पण आंबटपणाही टिकून राहतो.

एकोणिसाव्या शतकात तिमोरास्सो या टेकड्यांवर सर्वत्र होती. मग युरोपभर पसरलेली फिलॉक्सेरा ही मुळांवर जगणारी कीड पिएमोंतेतही पोहोचली. जुन्या बागा उपटून अमेरिकन खुंटांवर कलमे बांधणे हाच त्यावर उपाय होता. नव्याने लागवड करायचीच, तर कोणत्या जातीची, हा प्रश्न प्रत्येक बागाईतदारापुढे आला आणि इथेच तिमोरास्सो मागे पडली. ती लहरी वेल आहे. फुलोऱ्यात हवामान बिघडले, की फुले आणि कोवळे मणी गळतात, घड विरळ राहतात आणि एकाच घडातले मणी मागेपुढे पिकतात. उत्पन्नाची हमी नसते आणि मशागत जास्त लागते. शेजारच्या ‘गावी’ नावाच्या परिसरात प्रसिद्ध असलेली कोर्तेसे ही पांढरी जात दरवर्षी भरघोस माल देई. काळ्या बार्बेरालाही बाजार होता. वजनावर पैसे मिळत असताना शेतकऱ्याने भरवशाची वेल निवडली, यात त्याचा दोष नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर मिलान, तोरिनो आणि जेनोव्हा इथल्या कारखान्यांकडे तरुण गेले, टेकड्यांवरचे मनुष्यबळ घटले आणि कष्टाची जात आणखी मागे पडली.

तिला परत आणण्याचे श्रेय मोनलेआले गावच्या वाल्तेर मासा यांना जाते. घरच्या बागेत इतर जातींमध्ये मिसळलेल्या तिमोरास्सोच्या वेलींची द्राक्षे त्यांनी वेगळी खुडली आणि 1987 साली त्यांची स्वतंत्र वाइन केली. जेमतेम काही शे बाटल्या भरल्या. त्या वाइनचा भरीवपणा आणि आंबटपणा परिसरातल्या हलक्या व्हाइट वाइनपेक्षा निराळा होता. मासा यांनी नवी लागवड केली. पुढे ‘कोस्ता देल व्हेंतो’सारख्या एकाच उतारावरच्या द्राक्षांच्या वाइन वेगळ्या बाटल्यांत भरून, जमीन बदलली की चवही कशी बदलते, हे दाखवले. उत्पन्न कमी आले तरी गुणावर भाव मिळू शकतो, हे त्यातून सिद्ध झाले.

मासा यांनी वाइनला तोर्तोनाचे प्राचीन नाव दिले: देर्तोना. ते नाव त्यांनी स्वतःपुरते राखले नाही. शेजारच्या उत्पादकांनीही ते वापरावे, असा त्यांचा आग्रह राहिला. त्यामुळे एका माणसाचा प्रयोग साऱ्या परिसराची ओळख बनला. ला कोलोंबेरा, क्लाउदियो मारिओत्तो असे स्थानिक उत्पादक या वाटेने आले. सायकलपटू फाउस्तो कोप्पी यांच्या कास्तेल्लानिया या जन्मगावी त्यांच्या वारसांनीही तिमोरास्सो लावली. पुढे व्हिएत्ती आणि बोर्गोन्यो या बारोलोतल्या नामांकित घराण्यांनी इथे जमिनी घेतल्या. एकेकाळी मोजक्या वेलींपुरती उरलेली ही जात आता काही शे हेक्टरांवर पसरली आहे.

वाइन करताना रस काही काळ सालींबरोबर ठेवण्याची पद्धत अनेकांकडे आहे. आंबवणे बहुधा स्टीलच्या टाक्यांत होते. नंतर तळाशी बसलेल्या यीस्टच्या गाळावर वाइन अनेक महिने ठेवतात आणि गाळ अधूनमधून ढवळतात. त्यातून तिला भरीवपणा येतो. वर्षभर तरी मुरल्याशिवाय देर्तोना सहसा बाजारात येत नाही. अल्कोहोल साधारण 13 ते 14 टक्के असते. ताज्या वाइनला नासपती, लिंबूवर्गीय फळे आणि पांढऱ्या फुलांचा वास येतो, चवीत खनिजाची छटा असते. पाच-दहा वर्षांनी तिच्यात मध, सुकी फळे आणि रिस्लिंग या पांढऱ्या द्राक्षाच्या जुन्या वाइनमध्ये आढळणारा रॉकेलसारखा गंध उतरतो. हा गंध रिस्लिंगप्रमाणेच तिमोरास्सोमध्येही जाणकार गुण मानतात. फार थंड केल्यास हे बारकावे दबतात, म्हणून ती इतर व्हाइट वाइनपेक्षा किंचित कमी गार प्यायली जाते.

अंगाने भरीव असल्यामुळे ती माशांबरोबर जाते, तशीच कोंबडी, मशरूम आणि मुरलेल्या चीजबरोबरही. तिची खास जोडी मोंतेबोरे या चीजशी जमते. बोर्बेरा खोऱ्यात गाय आणि मेंढीच्या दुधापासून होणारे, चकत्या एकावर एक रचलेले हे चीजही विसाव्या शतकात बंद पडले होते आणि शतकाच्या अखेरीस पुन्हा सुरू झाले. दोन्हींच्या पुनरुज्जीवनाला स्थानिक लोकांनीच हात घातला. त्यामुळे पूर्वी केवळ बारोलोच्या वाटेवर थांबणारे प्रवासी आता तोर्तोनाच्या टेकड्यांकडेही वळतात आणि इथल्या द्राक्षबागा राखणाऱ्या कुटुंबांना गावात राहून पोट भरण्याचा आधार मिळाला आहे.